नवव्या सभासदाचा राजीनामा

बुधवार, ७ फेब्रुवारी

ती. अक्का,

नमस्कार. क्षेमकुशल विचारत बसलो की तू म्हणतेस "मुद्द्यावर ये", म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

आमच्या सेवा क्लबाला घरघर लागली आहे. फर्निचरवाले लेकीकडे कायमचे राहायला गेले आणि आम्ही आठ उरलो. नियम चार असा, की मंगळवारच्या सभेला नऊ सभासद हजर पाहिजेत. लागोपाठ तीन सभांना नऊ भरले नाहीत, तर मुख्य कार्यालय क्लब बंद करतं आणि वाचनालयाच्या माडीवरची आमची खोलीही जाते. दोन मंगळवार आठांवर निघाले. काल तिसरा होता.

पण मी कोर्टात चौतीस वर्षं कारकुनी केली ती काय माशा मारत? रविवारी अख्खी नियमावली पालथी घातली आणि नियम सतरा सापडला. परगावी राहणाऱ्या सभासदाचं पत्र सभेत वाचून दाखवलं, तर तो हजर धरावा! ताबडतोब एक सभासद करून घेतला. बाई आहेत. वयाने मोठ्या, अनुभवी, तोंडाने फटकळ पण मनाने चांगल्या. काल त्यांचं पत्र वाचलं, नऊ भरले, अध्यक्षांनी घंटा वाजवली. तू त्यांना ओळखतेस म्हटलं तरी चालेल. सविस्तर पुन्हा कधीतरी.

तू मात्र मला दर आठवड्याला पत्र लिहीत जा. काहीही लिही. मंगळवारच्या आत पोचेल असं टाक.

हसू नकोस, पण एक सांगतो. ही जाऊन तीन वर्षं झाली. आठवड्यात शर्टाला इस्त्री करण्याचा माझा दिवस एकच, मंगळवार. तोही गेला तर मी काय करीन, ते मला खरंच कळत नाही.

जानेवारीत येणार होतीस, त्याचं काय झालं?

तुझा,
भाऊ (आणि क्लबाचा सचिव)

•

शनिवार, १० फेब्रुवारी

चि. भोंग्या,

सही करताना "सचिव" लिहिलंस म्हणून नाव बदलत नाही. पाळण्यात होतास तेव्हा तुझा आवाज तीन घरं पलीकडे जायचा, तेव्हापासून तू भोंग्याच.

पत्रात चार चुका आहेत. वेगळ्या कागदावर काढून पाठवल्या आहेत. छापखान्यात तीस वर्षं लोकांची मुद्रितं तपासली, हात राहत नाही. पण तुझी सगळ्यांत मोठी चूक त्या चारांत नाही. ती बाई कोण?

"वयाने मोठ्या, अनुभवी." अरे, चौसष्टाव्या वर्षी माणसाला अनुभवी बाई भेटली की तिचा अनुभव कशातला आहे ते आधी विचारावं. जी बाई स्वतःचं गाव सोडून परगावच्या आठ म्हाताऱ्यांत नाव घालते, तिच्या मनात काहीतरी शिजतं आहे. आणि नऊ भरायला दर आठवड्याला पत्र लिहिणार! ज्यांना दिवसभर दुसरा उद्योग नसतो त्याच बायका असली लांबलचक पत्रं लिहितात. मी सांगते, सावध राहा. तुझी बायको असती तर तिने एका वाक्यात निकाल लावला असता.

पत्रासोबत तू पाठवलेलं वर्तमानपत्राचं कात्रण, तुमच्या क्लबाच्या फोटोचं, पाहिलं. एक कुबडी, तिला सात हात, आणि ज्याला ती कुबडी हवी तो बिचारा मागच्या रांगेत एका पायावर. ही सेवा? आणि तुम्ही गावात ठेवलेल्या अकरा बाकांचं कौतुक आता पुरे. त्याच फोटोत मागे दिसतंय, वाचनालयाबाहेरचा बाक भिंतीकडे तोंड करून मांडलाय तुम्ही. बसणाऱ्याने काय पोपडे मोजायचे?

इकडे सगळं ठीक. समोरच्या चांभाराने दुकानाची दारं हिरवी रंगवली. भाजीवाली खिडकीखाली आली की मी दोरीने टोपली सोडते, ती भरून देते. उगीच वर-खाली कशाला करायचं? येण्याचं म्हणशील तर जमणार नाही. मला बस लागते.

तुझी,
अक्का

•

बुधवार, २१ फेब्रुवारी

ती. अक्का,

बाईंबद्दल तू मनात आणलंस तसलं काही नाही. असतं तर या वयात मला लाज वाटली असती की आनंद झाला असता, हा वेगळा प्रश्न. विषय संपला.

त्यांची पत्रं मात्र काय रंगतात म्हणून सांगू! मी थोडी निवडून, थोडी गाळून वाचतो, तरीही. फोटोवाले चहा झाला की सटकायचे, ते आता पत्र संपेपर्यंत बसतात. घड्याळजी दोन वर्षं सभेत झोपत आले आहेत, ते परवा जागे होते. बाकाचा मुद्दा योगायोगाने त्यांनीही मांडला होता. तर आम्ही पाच जण गेलो आणि बाक उचलून उलटा केला. आता त्यावर माणसं बसतात!

मंगळवारचे पाहुणे लिफ्टदुरुस्तीवाले होते. विषय, "लिफ्टमध्ये कसं वागावं". गावात लिफ्ट एकच, तीही बंद, पण प्रश्नोत्तरं पाऊण तास चालली. नंतर औषधवाल्यांनी आभार मानले, ते भाषणापेक्षा लांबले.

उसनं साहित्य देण्याचं कामही जोरात आहे. वॉकर, कुबड्या, चाकाच्या खुर्च्या सगळं आमच्या माडीवर मांडून ठेवलंय. गरजूने यावं, सही करावी, घेऊन जावं. पण येत कोणी नाही. गावात आजारी माणसंच कमी असावीत.

आणि बस तुला कधीपासून लागायला लागली? लहानपणी तू खिडकीतून डोकं बाहेर काढून गात जायचीस.

तुझा,
भाऊ

•

शनिवार, १६ मार्च

चि. भोंग्या,

मधल्या तीन पत्रांत मी त्या बाईंचं नाव काढलं नाही, तू चकार शब्द काढला नाहीस. म्हणजे पाणी मुरतंय. बाकाचं मी लिहिलं ते त्याच आठवड्यात तिला कसं सुचलं? तू माझी पत्रं तिला दाखवतोस, आणि ती माझी अक्कल स्वतःच्या नावावर खपवते. इतकी उसनवारी करणारी बाई तुमच्या क्लबात शोभतेच म्हणा.

आता त्या साहित्याचं. ज्याला चालता येत नाही, त्याने वॉकर घ्यायला बावीस पायऱ्या चढून माडीवर यायचं? आणि जो चढून आला त्याला वॉकर कशाला हवा? वर लिहितोस, आजारी माणसं कमी. अरे, माणसं आहेत. ती खाली उभी आहेत, नाहीतर आपापल्या घरात बसली आहेत. पायऱ्या म्हणजे काय असतं ते ज्याचे पाय धड आहेत त्याला कळत नाही. सकाळी दाराशी उभं राहून पहिल्या पायरीकडे बघावं आणि परत आत जाऊन चहाचं आधण ठेवावं, असं होतं माणसाचं.

तुमचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर ना? त्यांना एक सांग. दातांच्या डॉक्टरला भाषण करू देऊ नये. समोरच्याने आ वासून गप्प बसायची त्याला सवय असते. औषधवाल्यांनी आभार मोजून द्यावेत, सकाळी एक, संध्याकाळी एक, जेवणानंतर. फोटोवाल्यांना कॅमेरा घरी ठेवायला सांग, म्हणजे निम्मी सेवा आपोआप बंद होईल आणि उरलेली खरी असेल. तुमच्यातल्या नर्सबाई तेवढ्या शहाण्या दिसतात. त्या कात्रणात त्यांचाच हात कुबडीवर नाही.

आणि तू! सगळ्यांचे नियम पाठ, पण शर्टाचं वरचं बटण फोटोत तुटलेलं दिसतंय. लावून घे.

चांभाराच्या दुकानावर मांजर व्यालंय. तीन पिल्लं. चौथं पन्हळीच्या आड होतं, काल दिसलं.

तुझी,
अक्का

•

बुधवार, २० मार्च

आदरणीय अक्का,

मी औषधवाला. आपली ओळख नाही, पण गेले सात मंगळवार मी आपल्याला ऐकतो आहे.

काल सचिवांचा घसा पूर्ण बसला होता. (काळजी नसावी, सिरप दिलं आहे.) त्यामुळे परगावच्या सभासदाचं पत्र वाचायचं काम माझ्याकडे आलं. सचिव मला हातवारे करून काहीतरी सांगत होते, उड्यासुद्धा मारत होते. मला वाटलं, मोठ्याने वाचा म्हणतायत. म्हणून मी मोठ्याने वाचलं. "चि. भोंग्या" पासून चौथ्या पिल्लापर्यंत, सगळं.

अध्यक्ष आ वासून बसले होते. मग नर्सबाई हसल्या. अशा हसल्या की बशी हातातून पडली. त्यानंतर कोणालाच आवरलं नाही, अध्यक्षांनाही नाही.

साहित्य माडीवरून उतरवायचा ठराव एकमताने पास झाला. ते आजच खाली वाचनालयाच्या दाराशी आणलं. दुपारपर्यंत दोन वॉकर आणि एक खुर्ची गेलीसुद्धा. फोटो काढला नाही.

अक्का, एक गोष्ट आम्हाला कालच उमगली. आपण ज्या बाईंवर इतका राग धरला आहे, त्या आपणच आहात, हे आपल्याला कोणी सांगितलेलं दिसत नाही. आपण सहा फेब्रुवारीपासून आमच्या सभासद आहात. आपली उपस्थिती शंभर टक्के आहे. माझी ऐंशीच आहे.

आपले आभार मानतो. एकदाच.

आपला नम्र,
औषधवाला

•

शनिवार, २३ मार्च

भोंग्या,

"चि." मुद्दाम लिहिलेलं नाही.

दीड महिना मी स्वतःलाच शिव्या घालत होते आणि तू त्या सभेत वाचत होतास! मी त्या बाईंना काय काय म्हटलंय ते आठवून कान तापले. एवढं सगळं असूनही, जे म्हटलं त्यातलं बरंचसं तिला लागू पडतं, हेच जास्त झोंबतंय.

माझी पत्रं तुझ्यासाठी होती. तुझ्याशी बोलते तसं मी लोकांशी बोलत नाही. तू मला न विचारता खुर्चीवर बसवलंस, तीही कुठल्या क्लबात, तर चार महिने भिंतीकडे तोंड केलेला बाक कोणाच्या लक्षात आला नाही त्या क्लबात.

मी राजीनामा देत आहे. हे पत्र म्हणजेच राजीनामा समजावा. यापुढे पत्र नाही.

तुझी बहीण (सभासद नाही)

•

बुधवार, ३ एप्रिल

ती. अक्का,

चुकलो. दोन्ही कान पकडले आहेत, पण मग लिहिता येईना म्हणून एक सोडला आहे.

तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही. यात बचाव काही नाही, हे कोर्टात इतकी वर्षं बसून मला कळतं. पण तुझं पत्र वाचताना मंगळवारी माझ्या शेजारी कोणीतरी बसल्यासारखं वाटायचं. ते सोडवेना.

आता राजीनाम्याचं. तुझं पत्र काल सभेत वाचलं. वाचलं म्हणजे नियम सतराने तू हजर धरली गेलीस. त्यातून नियम बावीस असा, की राजीनामा सभासदाने समक्ष, सभेत, नऊ जण हजर असताना द्यायचा. तेव्हा तुला राजीनामा द्यायला इथे यावं लागेल. मी हसत हसत म्हणालो, "आता येतेच बघा अक्का, रागाने का होईना."

सगळे हसले. नर्सबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "अक्का घराबाहेर शेवटच्या कधी पडल्या?"

मी म्हटलं, असं काय विचारता, रोजच पडत असेल. त्या म्हणाल्या, "आठ पत्रं ऐकली मी. हिरवी दारं, मांजर, पन्हळ, टोपली. सगळं खिडकीतून दिसणारं. एकदाही दुकान नाही, एकदाही रस्ता नाही. आणि पहिल्या पायरीकडे बघून परत फिरणारं माणूस त्यांनी ऐकून लिहिलेलं नाही."

अक्का, पत्रं माझ्या नावाने येत होती. मी वाचायचो, ती सभेत काय गाळायचं ते बघायला. आणि ज्या बाईंनी तुला कधी पाहिलं नाही त्यांना कळलं. सगळ्यांसमोर रडलो. भोंगाच तो.

खरं काय ते लिही.

तुझा,
भाऊ

•

शनिवार, ६ एप्रिल

चि. भोंग्या,

नर्सबाईंना म्हणावं, तुम्ही छापखान्यात असायला हव्या होत्या.

नऊ जानेवारीला मोरीत पाय घसरला. खुब्याच्या हाडाला चीर गेली. डॉक्टर घरी येऊन गेले, हाड महिन्या-दीड महिन्याने जुळलं. म्हणजे पाय बरा आहे. मी नाही. एकतीस पायऱ्या आहेत आणि कठडा एकाच बाजूला. रोज सकाळी चप्पल घालते, दाराशी जाते आणि चप्पल काढते. घराबाहेर पडून तीन महिने झाले.

तुला कळवलं नाही, कारण तू धावत आला असतास, सामान बांधलं असतंस आणि मला तुझ्याकडे नेऊन कॉटवर बसवलं असतंस. मला कॉटवर बसायचं नाही. मला माझ्या पायांनी भाजीवालीशी भांडायचं आहे. टोपलीतून भांडता येत नाही, ती खुशाल किडकी वांगी भरते.

भीती वाटते रे. एवढंच आहे ते. लिहिलं.

येऊ नकोस. आणि हे कोणाला वाचून दाखवू नकोस.

अक्का

•

बुधवार, १७ एप्रिल

ती. अक्का,

तुझं शेवटचं पत्र मी सभेत वाचलं नाही. फक्त म्हटलं, "नर्सबाई, तुमचं खरं आहे." पुढचं सगळं अध्यक्षांनी केलं, भाषण न करता. कालच्या सभेचं इतिवृत्त सोबत जोडतो. तू हजर होतीस, तरी सभासदाला प्रत द्यावी लागते.

इतिवृत्त, साप्ताहिक सभा क्रमांक एक हजार त्र्याण्णव.
नियम नऊप्रमाणे (आजारी सभासदाच्या घरी सभा घेता येते) ही सभा परगावच्या सभासदाच्या खोलीत भरली. प्रवास औषधवाल्यांच्या मालाच्या गाडीतून झाला. घड्याळजी खोक्यांवर बसून झोपले. उपस्थिती नऊ, सर्व समक्ष.
सभासदाने दार उघडून "येऊ नका म्हटलं होतं" असं निवेदन केलं. निवेदन नोंदवून घेण्यात आलं. सभासदाने चहा ठेवला. कप पाचच असल्याने सभा दोन पाळ्यांत प्याली.
नर्सबाईंनी वॉकर उंचीला लावून दिला आणि जिन्यासाठी हातात काठी दिली. "चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी" हे तीनदा म्हणवून घेतलं. सभासद तीन पायऱ्या उतरल्या व तीन चढल्या. फोटोवाल्यांनी फोटो काढला नाही. दोन्ही हात त्यांनी सभासदाच्या मागे धरले होते.
त्यानंतर सभासदाने समक्ष राजीनामा सादर केला. सचिवांनी निदर्शनास आणलं, की राजीनामा मंजूर करायला नऊ लागतात, आणि राजीनामा दिला की उरतात आठ. आठांना तो मंजूर करता येत नाही. सबब राजीनामा परत करण्यात आला. सभासदाने नियमावलीबद्दल जे उद्गार काढले ते इतिवृत्तात घेतले नाहीत.
जिन्याच्या तळाशी बारावा बाक ठेवण्याचा ठराव पास झाला. औषधवाल्यांनी आभार मानले नाहीत. ते कप विसळत होते.

अक्का, उतरताना तू माझा खांदा धरलास. मी हललो नाही हे तुझ्या लक्षात आलं का? मी इतका घाबरलो होतो की हलणं शक्यच नव्हतं.

तुझा,
भाऊ

•

शनिवार, १८ मे

चि. भोंग्या,

तुमचा बाक आला. दोघे हमाल ठेवून गेले, भिंतीकडे तोंड करून. वरून ओरडून सांगितलं, तोवर ते निघून गेले होते. शेवटी चांभाराने फिरवला. त्यावर क्लबाचं नाव इतक्या मोठ्या अक्षरात रंगवलंय की बसणाऱ्याची पाठ पुरत नाही.

नर्सबाईंच्या पत्राप्रमाणे रोज दोन पायऱ्या वाढवत गेले. पंधराव्या पायरीवर पाच दिवस अडले. तिथे कठडा वळतो. सहाव्या दिवशी तिथेच उभी राहून त्या कठड्याला, तुला आणि नियम बावीसला मोठ्याने नावं ठेवली. पहिल्या मजल्यावरची शिंपीण दार उघडून बघायला आली, आणि तिच्यासमोर परत फिरायची लाज वाटली म्हणून सोळावी उतरले.

काल एकतीस झाल्या. बाकावर बसले. इतके दिवस वरून दिसायचा तो रस्ता समोरून पाहिला. मांजराचं चौथं पिल्लू माझ्या पायाशी येऊन बसलं. भाजीवाली आली तेव्हा मी तिला किडकं वांगं परत दिलं, हातात. ती म्हणाली, "आजी, किती दिवसांनी!" आणि डोळे पुसायला लागली, त्यामुळे भांडण राहिलं. आज करीन.

मंगळवारी सकाळच्या बसने येते आहे. बस मला लागत नाही, हे तुला ठाऊक आहेच. काठी असेल. स्टँडवर खुर्ची घेऊन आलास तर तीच फेकून मारीन. सभा खाली वाचनालयात घ्या. अध्यक्षांना पाच मिनिटं भाषण करू द्या, मी तोंड मिटून ऐकीन. शर्टाला इस्त्री कर, आणि ते बटण अजून लावलं नसशील तर सुईदोरा काढून ठेव.

हे पत्र सभेत वाचायचं नाही. या वेळी मला हजर मांडायला पत्र लागणार नाही.

राजीनामा पिशवीत घेतला आहे. दहावा सभासद मिळाला की तो नियमाने मंजूर करता येईल, एवढं आता मलाही कळतं. पण दहावा शोधायची घाई करू नका.

तुझी,
अक्का (सभासद)